गांडुळांची एकादशी

माझ्या वाटची माफी दुसऱ्या एका माणसाने दारोदार जाऊन मागितली, आणि मी त्यांची कापडी पिशवी धरून मागे उभा होतो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि ज्यांना पहिल्यांदा सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तो माणूस माझा घरमालक होता. आता ते नाहीत. आज त्यांच्याबद्दल लिहायला बसलो तर पंचाईत अशी, की त्यांची आठवण काढली की आधी हसूच येतं. माफीचं मागाहून आठवतं.

नव्वदीतलं कोपरखैरणे. रो-हाउसच्या रांगा उभ्या राहिलेल्या, मधले प्लॉट रिकामे, त्यांत पुरुषभर गवत. संध्याकाळी वारा फिरला की शेजारच्या पावणे गावातल्या कंपन्यांचा वास घराघरांत शिरायचा आणि बायका खिडक्या लावून घ्यायच्या. मी पावण्यालाच रंगाच्या एका छोट्या कारखान्यात केमिस्ट होतो. खोली शोधत फिरताना कुणीतरी म्हणालं, ‘गांडूळकाकांकडे वरची खोली रिकामी आहे, पण तिथे कुणी टिकत नाही.’

का टिकत नाही ते दारातच कळलं. काकांनी मला जात विचारली नाही, गाव विचारलं नाही. भाड्याचं काढलं तर म्हणाले, ‘ते बघू मागनं. किड्यांची किळस येते का?’

मी म्हटलं, ‘तशी नाही येत.’

ते आत गेले आणि येऊन माझ्या तळहातावर एक गांडूळ ठेवलं. ओलं, तांबूस, चांगलं जाडजूड. ते माझ्या अंगठ्याकडे निघालं. काका माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. मी हात झटकला नाही. एवढ्यावर मला खोली मिळाली.

‘हा आपला जुना भाडेकरू,’ ते म्हणाले. ‘ह्याच्याशी जमवून घेतलं की आमच्याशी जमलंच.’

काका मूळचे वाईकडचे. परळच्या एका गिरणीच्या दवाखान्यात उभी हयात कंपाउंडर. गिरणी बंद पडली तेव्हा इकडे येऊन हे घर घेतलं. दवाखाना सुटला, पण कंपाउंडरकी सुटली नाही. घरातल्या प्रत्येक बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली असायची, गोडेतेलाच्यासुद्धा. आणि बाटलीवरचं ते एक वाक्य त्यांच्या जिभेवर कायमचं बसलं होतं: ‘हलवून घ्या.’ चहा पुढे ठेवला की ‘हलवून घ्या.’ वर्तमानपत्र हातात दिलं की ‘हलवून घ्या, बातम्या खाली बसल्यात.’ मी कामावरून मान टाकून आलो की जिन्याखालून आवाज यायचा, ‘केमिस्टसाहेब, हलवून घ्या स्वतःला!’

काकूंचं उजवं अंग अर्धांगवायूने गेलेलं होतं. चालायच्या पाय ओढत, पण हाताची मूठ वळलेली ती वळलेलीच. जीभ तेवढी शाबूत होती, आणि दोन्ही हातांचं काम तीच करायची. काका माळकरी, तोंडाला मांसाचा तुकडा लावायचे नाहीत. त्यावर काकू म्हणायच्या, ‘गळ्यात माळ हाय आन् पोटात किडं. पांडुरंगानं बघितलं तर वीट सोडून पळंल.’

काका शांतपणे म्हणत, ‘औषधाला सोवळं नसतं.’

ते औषध म्हणजे गांडूळ. घराच्या मागच्या अंगणात पत्र्याच्या छपराखाली त्यांनी फळबाजारातल्या लाकडी पेट्या मांडल्या होत्या. पेटीत माती, शेण, पालापाचोळा, वर ओलं गोणपाट, आणि आत गांडुळं. त्या काळी गांडूळखताचं बरंच नाव झालं होतं आणि सगळ्यांना वाटायचं, काका खत विकतात. खत ते लोकांना फुकट वाटायचे. त्यांना गांडूळच हवं होतं. आयुर्वेदातल्या रसशास्त्राच्या जुन्या पोथ्यांत गांडुळाला भूनाग म्हणतात, हे त्यांनी गिरणीच्या दवाखान्यातल्या एका वैद्यांकडून ऐकलं होतं. पुढे कधीतरी वाण्याच्या पुडीच्या कागदावर त्यांनी वाचलं की जपानात गांडुळापासून रक्ताची गाठ विरघळवणारं औषध काढतात. त्या कागदाचा उरलेला भाग मिळाला नाही. अर्ध्या बातमीवर त्यांनी अंगणभर संसार मांडला.

‘जपानी लोक येडे आहेत का?’ हा त्यांचा शेवटचा मुद्दा. याच्यापुढे वाद चालत नसे. एकदा मी म्हटलं, ‘काका, ते त्यातलं एक द्रव्य वेगळं काढतात. आख्खं गांडूळ वाळवून खात नाहीत.’ तर म्हणाले, ‘उसाचा रस काढायच्या आधी लोक ऊसच खात होते की.’

शेण यायचं घणसोली गावातून. एक आगरी मावशी डोक्यावर घमेलं घेऊन यायची. काका शेणात हात घालून बघायचे. ताजं शेण आतून तापतं, त्यात गांडुळं मरतात, म्हणून त्यांना मुरलेलंच लागायचं.

‘मावशी, हे गरम आहे. पोरं भाजतील माझी.’

‘कालचा शेन हाय, काका, नाटका नको करू. माज्या गाईला काय सांगू, थंडा करून टाक म्हनून?’

‘पोरं’ हा शब्द ऐकला की आतून काकू म्हणायच्या, ‘माझ्या पोटी दिली न्हाईत, आता पेटीत वाढवतंय.’ आणि मग तिघंही हसायची. मला पहिल्यांदा त्या हसण्याची भीती वाटली होती. नंतर मीही हसायला लागलो.

औषध करायची त्यांची रीत ठरलेली होती. गांडुळाच्या पोटात कायम माती असते. ती माती औषधात जाऊन चालत नाही. म्हणून पूड करण्याआधी निवडलेली गांडुळं एका परातीत ओल्या कागदावर ठेवायची, वर फडकं बांधायचं आणि एक दिवस काही खायला घालायचं नाही. पोट रिकामं होतं. काका ह्याला गांडुळांची एकादशी म्हणत. पंचांगात काहीही असो, परातीवर फडकं बांधलं की त्या दिवशी काका स्वतःही उपाशी राहायचे. पाणीसुद्धा बेतानेच. मी एकदा विचारलं, ‘तुम्ही कशाला?’ तर म्हणाले, ‘जीव घ्यायचाय त्याचा. निदान पंगतीला तरी बसावं.’

दुसऱ्या दिवशी मिठाच्या पाण्यातून काढून ती उन्हात वाळत पडायची. वास असा की गल्लीतली मांजरं कुंपणावर ओळीने बसायची. मावशी घमेलं उतरवता उतरवता विचारायची, ‘सुकट घातलंस का रं काका उनात?’ मग खलात कुटून वस्त्रगाळ पूड. तिची पहिली पुडी काका स्वतः घ्यायचे, दुसरी काकूंना गुळातून. काही गांडुळं तिळाच्या तेलात कढवायचे, ते तेल गुडघ्याला. मावशीची ढोपरं त्या तेलावर चालत होती.

काका भोंदू नव्हते. हे मला ठासून सांगायचंय. गरोदर बाईला ते पुडी देत नसत, ऑपरेशन ठरलेल्याला देत नसत. आणि प्रत्येक पुडीबरोबर सांगत, ‘डॉक्टरची गोळी बंद करायची न्हाई. गोळी थोरली, ही धाकटी.’ काकूंच्या गोळ्याही कधी चुकल्या नाहीत. काका रोज सकाळी त्यांची वळलेली मूठ आपल्या मांडीवर घेऊन एकेक बोट सोडवत बसायचे. एका दुपारी काकूंनी उजव्या हाताने शेंग फोडली. एकच. काका रस्त्यावर धावत आले आणि मी कामावरून येत होतो तर मला भर गल्लीत मिठी मारली. ‘गाठ सुटली, केमिस्टसाहेब! गाठ सुटली!’ ते गांडुळाने झालं की बोटं चोळल्याने, मला आजही सांगता येणार नाही. त्या दिवशी मीसुद्धा ‘जपानी लोक येडे नाहीत’ असं म्हणून टाकलं. ते त्यांना फार आवडलं.

लाकडी पेट्या कुजायच्या, त्यांना मुंग्या लागायच्या. पेट्या मोजक्या म्हणून पूडही थोडी, दोघांपुरतीच. गल्लीतले लोक मागायचे आणि काकांना नाही म्हणावं लागायचं. नाही म्हटल्यावर दिवसभर त्यांचा चेहरा उतरलेला असायचा.

म्हणून मी ड्रम आणले.

आमच्या कारखान्याच्या मागे निळे प्लॅस्टिकचे ड्रम पडलेले असत. नवी मुंबईत असा ड्रम नसलेलं घर दाखवा. पाणी दोन तास येणार, मग भरून ठेवायला निळा ड्रम. आधी त्यात काय होतं हे कुणी विचारत नसे. धुतला की झाला. मी वॉचमनला सांगून काही ड्रम टेम्पोत टाकले, आडवे कापून घेतले आणि अंगणात आणून पाइपाने धुतले. आम्ही पिवळा रंग करायचो, शिशापासून. त्या ड्रमांत त्या रंगाचा गाळ साठवलेला होता. तळाच्या खोबणीत पिवळी कड राहिली होती. मला ती दिसली. मी म्हटलं, वर माती तर पडणार आहे, पाणी थोडंच प्यायचंय ह्यातलं?

केमिस्ट होतो मी. गांडूळ समोरची माती गिळत पुढे जातं, हे मी रोज बघत होतो. त्याची पूड होते आणि ती माणसं खातात, हेही बघत होतो. पण मनातून मी त्याला औषध मानत नव्हतो. त्यामुळे ते खाणंही मला खरं वाटत नव्हतं.

काकांनी ड्रमांना हळदकुंकू वाहिलं. काकूंना म्हणाले, ‘पोरांना बंगले मिळाले.’ गांडुळं चांगली फोफावली. शिशाने गांडूळ लगेच मरत नाही, ते अंगात साठवत राहतं. हे मी पुढे वाचलं. त्या वर्षी काकांनी गल्लीत पुड्या द्यायला सुरुवात केली. कांदाबटाटा मार्केटमधल्या एका माथाड्याला, साताऱ्याकडचाच, त्याच्या पाठीसाठी. बँकेत नोकरी करणाऱ्या एका बाई होत्या कोकणातल्या, त्यांच्या म्हाताऱ्या आईचे पाय सुजायचे, तिला. आणखी दोनचार घरांत. पैसे घेत नसत. ‘हलवून घ्या’ म्हणता येत नाही म्हणून पुडी देताना ‘गुळातून घ्या’ म्हणायचे, आणि ते म्हणताना कोण खूश असायचे! इतका आनंदी माणूस मी नंतर फार पाहिला नाही. संध्याकाळी पायरीवर बसून गल्लीतल्या येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचे, ‘काय, उतार?’

मग काकांच्या पोटात कळा यायला लागल्या. वाकून बसायचे. तोंड पांढरंफटक. काकू म्हणाल्या, ‘किड्यांनी सूड उगवला.’ त्यांनाही भूक लागत नव्हती, पण त्यांनी ते सांगितलं नाही. मीच काकांना वाशीला हॉस्पिटलात घेऊन गेलो. बऱ्याच तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी विचारलं, ‘कुठली भस्मं वगैरे खाता का?’

‘भस्म न्हाई. गांडूळ.’

डॉक्टर हसले. मग रिपोर्ट बघून हसायचे थांबले. रक्तात शिसं होतं, पुष्कळ. काकूंच्याही रक्तात निघालं. डॉक्टर म्हणाले, ‘काय ते गांडूळबिंडूळ आहे ते आधी बंद करा.’

 घरी आल्यावर काकांनी मला अंगणात नेलं. गोणपाट बाजूला करून आत बघत उभे राहिले.

‘तुमी केमिस्ट. सांगा मला. शिसं कुठनं आलं?’

मी ड्रमाला हात टेकून उभा होतो. म्हणालो, ‘मातीतून आलं असेल काका. इथली सगळीच माती तशी. कंपन्यांची.’

त्यांनी मान हलवली. ‘माती,’ म्हणाले. ‘मी तपासायला पायजे होती.’

दुसऱ्या दिवशी कामावर मी ड्रमाच्या तळाचा खरवडून नेलेला गाळ तपासला. नळीत शिशाचा पिवळा साका बसला, दाट. शंकेला जागाच उरली नाही. ड्रम बाहेर देणं कारखान्याच्या नियमात नव्हतं, नोकरी गेली असती. लग्न ठरत होतं. ही कारणं मी स्वतःला बरीच वर्षं दिली. खरं कारण याहून लहान होतं. भर गल्लीत मिठी मारणारा तो माणूस माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघेल, ते मला नको होतं. एवढंच.

रविवारी सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून, टोपी घालून जिन्याखाली उभे. हातात रिकामी कापडी पिशवी. ‘चला जरा माझ्याबरोबर. उरलेल्या पुड्या परत घ्यायच्यात. एकट्याला पाय उचलंना.’

पहिलं घर माथाड्याचं. काका उंबऱ्याबाहेरच थांबले. म्हणाले, ‘मी दिलेल्या पुडीत विष निघालंय. शिसं. तुमी रक्त तपासून घ्या. माझं चुकलं, माफ करा.’

माथाडी बनियनवर होता. त्याला कळेचना. ‘अवो काका, मला तर पाठीला बरं वाटतंय. ऱ्हाऊ द्या की पुड्या.’

‘आण त्या आधी!’ काका एवढे कधी ओरडले नव्हते. पुड्या आल्या. मी पिशवी पुढे धरली.

असं घरोघर. कुणी आत बोलावलं, काका गेले नाहीत. कुणी म्हणालं जाऊ द्या हो, कुणी आत जाऊन बायकोला ओरडलं. घणसोलीत मावशीकडेही गेलो. ती म्हणाली, ‘तेलान पन इख हाय?’

‘असेल.’

‘मंग माजी ढोपरा बरी कशी झाली रं?’  तिने बाटली दिली नाही. काकांनी तिच्या पायांना हात लावला तेव्हा दिली, आणि मग तीच रडायला लागली.

बँकेतल्या बाईंचं घर त्यांनी शेवटी ठेवलं होतं. त्यांची आई पावसाळ्यात गेली होती. वय झालेलं, पायांवर सूज, छातीत पाणी. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. काकांनी तेच शब्द तसेच म्हटले. बाई दाराची कडी धरून ऐकत होत्या.

‘म्हणजे आई तुमच्या पुडीने गेली?’

‘तसं न्हाई, असं मी म्हणू शकत न्हाई,’ काका म्हणाले.

‘मी रोज माझ्या हाताने द्यायचे तिला. गुळातून.’

 त्यांनी आत जाऊन पुड्या आणल्या आणि काकांच्या हातात न देता खाली पायरीवर ठेवल्या. दार लागलं. मी वाकून त्या उचलल्या आणि पिशवीत टाकल्या. बोलायचं ते माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. दार पुन्हा वाजवायला हातभर अंतर होतं. मी पिशवीचं तोंड बांधलं.

परत येताना काका म्हणाले, ‘तुमी होतात म्हणून झालं बघा.’

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुपारी अंगणात खड्डा खणला, गांडुळं मातीसकट त्यात लोटली, वर चुना टाकला. कुठे सोडून दिली तर तिथेही विष पसरेल म्हणून. खोरं मी मागितलं तर दिलं नाही. रिकामे ड्रम मात्र माझ्याकडे दिले. ‘कंपनीचे आहेत, परत नेऊन टाका. उगाच तुमच्यावर नको यायला.’ मी ते नेले. अशा रीतीने पुरावाही माझ्या हातात आला, काकांच्या आशीर्वादासकट.

काका औषधपाण्याने बरे झाले, काकूही. पण ते तसे बरे झालेच नाहीत. गल्लीत कुणी खोकल्यावर काही विचारलं तरी ‘डॉक्टरकडं जा’ एवढंच. बाटल्यांवरच्या पट्ट्या त्यांनी भिजवून काढून टाकल्या. काकूंची बोटं सोडवायचे, तेही गप्प बसून. काकू मुद्दाम टोचून बघायच्या, ‘जपानी लोक आता काय खात्यात वो?’ ते हसायचे नाहीत. बँकेतल्या बाई संध्याकाळी कामावरून यायच्या वेळेला ते पायरीवरून उठून आत जायचे. त्या गेल्या की परत येऊन बसायचे. मी वर खिडकीतून हे रोज बघत होतो. लग्न झाल्यावर मी ती खोली सोडली.

पुढे काका गेले, तेव्हा मी खांदा द्यायला होतो. माथाडी होता, मावशी घणसोलीहून नातवाच्या आधाराने आली होती. बँकेतल्या बाईंचं दार मात्र लावलेलं होतं. काकूंनी मला जवळ बोलावून सांगितलं, ‘शेवटपत्तुर त्या म्हातारीचंच नाव घेत व्हते. म्हणायचे, माझ्या हातानं गेली.’ तेव्हाही मी त्यांना काही सांगितलं नाही. वर्षभरात काकूही गेल्या. ते सांगणं राहिलं, आणि आता ते फेडायला जागा नाही.

पण त्या बाई आहेत. मागच्या महिन्यात कामासाठी कोपरखैरण्याला गेलो होतो, तेव्हा मुद्दाम त्या गल्लीतून आलो. रो-हाउसांवर मजले चढलेत, त्यांचं घर मात्र तेवढंच आहे. त्या दारात भाजी घेत होत्या, केस पांढरे झालेत. आईला आपण आपल्या हाताने विष दिलं आणि ते त्या म्हाताऱ्याने आपल्याला दिलं, असं त्या इतकी वर्षं समजून आहेत. त्यांची आई कशाने गेली हे मला माहीत नाही, कुणालाच कधी कळणार नाही. मला माहीत आहे ते एवढंच, की शिसं ना गांडुळांचं होतं, ना मातीचं, ना काकांचं. ते मी आणलं होतं. मी त्यांच्यासमोरून निघून आलो.

त्या दारात उभं राहून हे माझ्या तोंडाने त्यांना सांगणं, आणि मग त्या जे म्हणतील ते खाली मान घालून ऐकणं, मी अजून देणं लागतो.